डोंगर आणि वाळवंट वाचायचं कसं? आधी आकार, मग थर, मग भेगा आणि रंग सगळ्यात शेवटी

डोंगररांगा किंवा वाळवंट बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा आधी रंग बघतो, लाल कडा, पिवळी वाळू, हिरवटनिळं तळं, दहा-वीस फोटो काढतो आणि गाडीत बसतो. ती जागा अशी का दिसते हे स्वतःच्या डोळ्यांनी समजून घ्यायचं असेल तर क्रम बरोबर उलटा लावायचा, म्हणजे आधी आकार, मग थर, मग थरांचा कल, मग भेगा, मग हे सगळं कोरलं कोणी ते, आणि रंग अगदी शेवटी. भूशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही, पण क्रम पाळायचा, कारण रंग सगळ्यात जास्त फसवतो आणि आकार सगळ्यात कमी. ही पद्धत कुठल्याही डोंगरात आणि कुठल्याही वाळवंटात चालते. उदाहरणं मुद्दाम प्रसिद्ध जागांची घेतलीत, म्हणजे प्रत्यक्ष जाणं जमलं नाही तरी फोटो आणि सॅटेलाइट नकाशा उघडून सराव करता येईल.

निघायच्या आधी

सॅटेलाइट नकाशावर ती जागा आधी लांबून, मग जवळून अशी बघून घ्या. लांबून नद्यांचं जाळं दिसतं आणि त्यावरून बरंच कळतं. ओढे कसेही वाकडेतिकडे सगळ्या दिशांना फुटले असतील तर खाली बहुतेक एकसारखा खडक असतो, काटकोनात वळत असतील तर ते भेगांच्या किंवा थरांच्या रेषा धरून चाललेत, आणि एका उंच जागेपासून चारी बाजूंना बाहेर वाहत असतील तर ज्वालामुखीचा शंकू किंवा वर उचललेला घुमट असायची शक्यता मोठी. जवळून झूम केलं की खडकांचे पट्टे आणि समांतर भेगा दिसायला लागतात.

बहुतेक देशांच्या भूशास्त्रीय संस्था, अमेरिकेची यूएसजीएस, भारताची जीएसआय वगैरे, आपले भूशास्त्रीय नकाशे ऑनलाइन देतात. तो नकाशा डाउनलोड करून ठेवा पण जागा बघून होईपर्यंत उघडू नका असं मी सांगेन, कारण उत्तर आधी माहीत असलं की डोळे तेवढंच शोधतात आणि बाकीचं दिसेनासं होतं.

सामानात दुर्बीण सगळ्यात महत्त्वाची, कॅमेऱ्यापेक्षाही, कारण कड्याजवळ जाता येत नाही पण थर आणि भेगा दुर्बिणीतून लख्ख दिसतात. शिवाय दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, वही, पेन्सिल, स्टीलचा चाकू आणि ड्रॉपरच्या बाटलीत थोडं व्हिनेगर. चुनखडीचा दगड चाकूने सहज ओरखडला जातो आणि त्या भुकटीवर व्हिनेगर टाकलं की बारीक बुडबुडे येतात, गारगोटीवर म्हणजे क्वार्ट्झवर चाकूचा ओरखडा उठत नाही, उलट तीच स्टीलला ओरखडते. एवढ्या दोन चाचण्यांवर बरेच गोंधळ मिटतात. हातोडा घरीच ठेवा, संरक्षित जागांमध्ये दगड फोडायला किंवा उचलून न्यायला बंदी असते आणि ती योग्यच आहे, चाचणीसुद्धा जिथे परवानगी आहे तिथेच आणि खाली पडलेल्या सुट्या तुकड्यावर करायची.

पायरी १: उभं कुठे, तिरकं कुठे

समोरचा डोंगर बाजूने बघा आणि एवढंच ठरवा की उभा कडा कुठे आहे आणि तिरका उतार कुठे. थरांच्या खडकात उभा भाग म्हणजे टिकाऊ खडक आणि तिरका भाग म्हणजे मऊ खडक, हा नियम कोरड्या हवेत इतका चोख चालतो की लांबूनच खडकांची यादी करता येते.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीचा फोटो समोर उघडून बघा. काठावर कैबाब चुनखडीचा कडा, त्याखाली थोडं अंतर सोडून कोकोनिनो वालुकाश्माची फिकट उभी भिंत, तिच्या पायाशी हर्मिट शेलचा (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला मऊ खडक) लाल तिरका उतार, मग पुन्हा रेडवॉल चुनखडीचा दीडशे मीटरच्या वर उंचीचा कडा, आणखी खाली ब्राइट एंजल शेल, जो इतका मऊ की तिथे रुंद सपाटी तयार झालीय, आणि सगळ्यात खाली नदीच्या दोन्ही बाजूंना काळ्या शिस्टची, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेल्या टणक खडकाची, अरुंद घळ. कडा, उतार, कडा, उतार, सपाटी, घळ. नदी सगळ्यांमधून एकच गेली, प्रत्येक खडकाने तिला वेगळा जबाब दिला.

अमेरिकेतल्याच मॉन्युमेंट व्हॅलीतल्या एकट्या उभ्या सुळक्यांतही हाच हिशोब आहे. खाली शेलचा पसरट उतार, मधे डी शेय वालुकाश्माची सरळ उभी भिंत, आणि डोक्यावर शिनारम्प नावाच्या टणक थराची टोपी. खालचा मऊ थर झिजत आत जातो, वरच्या वालुकाश्माचा आधार सुटतो, मग तो उभ्या भेगेवर तुटून पडतो आणि मागे पुन्हा ताजा उभा कडा उरतो. म्हणून अशा जागी डोंगर बुटका होण्याआधी अरुंद होत जातो, रुंद पठाराचं लहान पठार, लहान पठाराचा बुरूज, बुरुजाचा सुळका. एकाच फोटोत या तिन्ही अवस्था शेजारी शेजारी दिसतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्येही पायऱ्या दिसतात, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, त्यातला घट्ट बेसॉल्ट कडा धरतो आणि बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला मऊ भाग किंवा दोन थरांमधली लाल माती तिरकी होऊन झाडं धरते.

एक सावधगिरी मात्र हवी. टिकाऊ कोण हे हवामानावर ठरतं. चुनखडी कोरड्या प्रदेशात भक्कम कडा धरते, पण भरपूर पावसात तीच पाण्यात विरघळत जाते, मग गुहा, जमिनीत खचलेले खड्डे आणि चीनमधल्या गुइलिनसारखे हिरवे सुळके तयार होतात. म्हणून आकार बघताना पाऊस किती पडतो हे डोक्यात असू द्या.

पायरी २: थरांचा क्रम लावा

१६६९ साली निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने मांडलेले दोन साधे नियम आजही रोज वापरले जातात. गाळ साठतो तेव्हा थर साधारण आडवा असतो, आणि खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. ग्रँड कॅन्यनच्या काठावरचा कैबाब थर साधारण २७ कोटी वर्षांचा आणि तळातला विष्णू शिस्ट साधारण १७० कोटी वर्षांचा, म्हणजे काठावरून खाली चालत जाणारा माणूस काळात मागे मागे जात असतो.

पण थर मोजण्यापेक्षा जास्त मजा गायब थर शोधण्यात आहे. त्या दरीच्या तळाशी काही ठिकाणी टॅपीट्स नावाचा ५० कोटी वर्षांच्या आसपासचा आडवा वालुकाश्म थेट विष्णू शिस्टवर बसलाय, मधली जवळपास १२० कोटी वर्षं तिथे नाहीतच. त्या काळात तयार झालेले खडक धुऊन गेले, डोंगर उभे राहिले आणि सपाट झाले, आणि त्या सपाट पृष्ठभागावर नवा समुद्र आला. एक हात खालच्या खडकावर, दुसरा वरच्यावर ठेवला तर दोन हातांमध्ये एवढा काळ मावतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंटला भूशास्त्रज्ञ जेम्स हटनने १७८८ मध्ये अशीच जागा बघितली, खालचे थर जवळजवळ उभे, त्यांची डोकी तासलेली, आणि वर लाल वालुकाश्माचे हलके कललेले थर. गाळ साठला, दगड झाला, उभा वाकला, झिजला, परत त्यावर गाळ साठला, या सगळ्याला पृथ्वी प्रचंड जुनी असावी लागते हे त्याला तिथे दिसलं. कुठल्याही कड्यावर वरचे आणि खालचे थर वेगळ्या कोनात भेटत असतील तर तिथे थांबा आणि त्या रेषेचं चित्र वहीत काढा.

थराच्या आतसुद्धा बघायचं. एका जाड आडव्या थरात बारीक तिरक्या रेषा दिसल्या, काही डावीकडे उतरणाऱ्या, त्यांना मधेच कापून दुसऱ्या उजवीकडे उतरणाऱ्या, तर त्या वाळूच्या टेकड्यांच्या किंवा पाण्याखालच्या वाळूच्या लाटांच्या उतरत्या बाजू आहेत. रेषांचे संच कित्येक मीटर उंच असतील तर बहुधा जुनं वाळवंटच समोर उभं आहे. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या झायन पार्कमधल्या नवाहो वालुकाश्माच्या भिंती म्हणजे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, दगड झालेल्या. त्या रेषांच्या उतारावरून तेव्हाचा वारा कुठून कुठे वाहत होता तेसुद्धा मोजता येतं. चिखलाच्या भेगा, लाटांचे वळ, शंखशिंपले, गुळगुळीत गोटे, यातलं काहीही सापडलं की तिथे तेव्हा काय होतं याचा पुरावा मिळाला.

पायरी ३: थर आडवे राहिलेत का?

आडवे थर म्हणजे गाळ साठल्यापासून त्या भागाला कोणी फारसं पिळलेलं नाही, फक्त वर उचललंय. कललेले, घडी पडलेले किंवा तुटलेले थर म्हणजे जोर लागलाय, आणि जोर कुठल्या बाजूने लागला ते थरच सांगतात.

थोडा कल असेल तर डोंगराची एक बाजू लांब आणि सौम्य असते, ती थराला धरून उतरते, आणि दुसरी तुटक, थरांची कापलेली तोंडं दाखवणारी. कल वाढत गेला की दोन्ही बाजू सारख्याच तीव्र होतात आणि धारदार लांब कणा तयार होतो. ऑस्ट्रेलियातलं उलुरू हे याचं टोकाचं उदाहरण आहे, ३४८ मीटर उंचीचा तो खडक एकसंध गोळा वाटतो, पण त्यातले थर साधारण ८५ अंशांत म्हणजे जवळपास उभे आहेत, आणि वरून खाली येणाऱ्या ज्या समांतर खाचा फोटोत दिसतात त्या थरांच्याच रेषा. समोर दिसतं ते फक्त टोक, थर जमिनीखाली आणखी खोल गेलेत.

घड्या बघताना लोक गृहीत धरतात की वर वाकलेली कमान म्हणजे डोंगर आणि खाली वाकलेली खोलगट घडी म्हणजे दरी. पुष्कळदा उलटं असतं. कमानीच्या डोक्यावर खडक ताणला जातो, भेगा पडतात, तिथे झीज लवकर होते आणि दरी पडते, तर खोलगट घडीतला दाबलेला खडक टिकून माथा होतो. वेल्समधल्या स्नोडनच्या माथ्यावर अशीच खोलगट घडी आहे.

भ्रंश म्हणजे फॉल्ट, ज्या तुटीवरून खडकाचे दोन भाग एकमेकांना घासत सरकतात ती, ओळखायची सोपी खूण ही की डोंगराचा पायथा सरळ रेषेत कापल्यासारखा दिसतो आणि मधे छोट्या टेकड्याच नसतात, सपाट मैदान आणि एकदम डोंगर. अमेरिकेतल्या टेटन रांगेत हे फार स्वच्छ दिसतं, डोंगराचा भाग भ्रंशावरून वर गेला आणि शेजारचं मैदान खाली. उलट ढकलणाऱ्या भ्रंशात जुना खडक नव्यावर चढतो. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारस भागात डोंगरांच्या वरच्या भागातून एक सरळ रेष जाते, रेषेच्या वर साधारण २५ ते ३० कोटी वर्षांचा खडक आणि खाली ३.५ ते ५ कोटी वर्षांचा. स्टेनोचा नियम इथे मोडत नाही, कोणीतरी थरांची चळत नंतर सरकवली एवढाच त्याचा अर्थ. ही जागा २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

हिमालय बघताना हे सगळं एकत्र करावं लागतं. भारताचा भूभाग आशियाला साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भिडला आणि अजून वर्षाला चार-पाच सेंटिमीटरच्या वेगाने उत्तरेला सरकतोय, मधल्या टेथिस समुद्राचा गाळ घड्या पडून, एकमेकांवर चढून वर गेला. एव्हरेस्टचा ८,८४८.८६ मीटरवरचा माथा चुनखडीचा आहे आणि त्यात समुद्री जिवांचे अवशेष सापडतात. आणखी एक गोष्ट नकाशावर बघा, सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्या हिमालयाच्या उत्तरेला उगम पावतात आणि अख्खी रांग कापून दक्षिणेला येतात. नदी डोंगराला वळसा न घालता त्याच्या पोटातून आरपार जात असेल तर पहिला संशय हा घ्यायचा की नदी आधीची आहे आणि डोंगर नंतर उचलला गेला, तो जितका वर आला तितकी ती खाली कापत गेली.

थर दिसतच नसतील तर

सगळे डोंगर थरांचे नसतात. खडक जवळून बघा, भिंगातून चमकदार, एकमेकांत घट्ट अडकलेले दाणे दिसले, पांढरे, गुलाबी, मधे काळे ठिपके, तर तो ग्रॅनाइटच्या कुळातला, जमिनीखाली सावकाश थंड झालेला. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचा हाफ डोम हा डोंगर साधारण ८.७ कोटी वर्षांपूर्वी खोलवर गोठलेल्या अशाच खडकाचा आहे. वरचं कित्येक किलोमीटर जाडीचं ओझं झिजून गेलं की दाबाखालून सुटलेला खडक थोडा फुगतो आणि पृष्ठभागाला समांतर भेगा पडून कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटायला लागतात, कोपरे आधी जातात आणि घुमट उरतो. हे पापुद्रे बघून गाळाचे थर समजू नका. पापुद्रे डोंगराच्या पृष्ठभागाबरोबर वळतात, गाळाचे थर डोंगराच्या आकाराची पर्वा न करता आरपार जातात.

काळा, बारीक दाण्यांचा खडक आणि त्यात सरळ उभे खांब दिसले तर लाव्हा थंड होताना आकसून फुटलाय. आयर्लंड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या जायंट्स कॉजवेला असे साधारण ४०,००० खांब आहेत. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात, त्यामुळे आडवे किंवा वाकडे खांब दिसले तर लाव्हा कुठल्या बाजूने थंड होत गेला ते कळतं. आणि सपाट मैदानात एकटाच काळा सुळका, त्याच्यापासून भिंतीसारख्या अरुंद रांगा बाहेर पळताहेत, असं दृश्य असेल, न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉकसारखं, तर ती जुन्या ज्वालामुखीची आतली नळी आहे आणि भिंती म्हणजे भेगांमध्ये घुसून गोठलेला लाव्हा. भोवतीचा मऊ खडक शेकडो मीटर जाडीने निघून गेला तेव्हा हे आतलं सामान उघड्यावर आलं.

पायरी ४: भेगा शोधा

हा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात आणि माझ्या मते निसर्गातले सगळ्यात विचित्र आकार इथेच उलगडतात. खडक फुटतो तो सहसा समांतर भेगांच्या संचांमध्ये. दुर्बिणीतून बघा, भेगा कुठल्या दिशेला आहेत, किती अंतरावर आहेत, दुसरा संच पहिल्याला कापतो का. भेगा लांब लांब असतील तर भव्य सलग भिंती टिकतात, जवळ जवळ असतील तर सुळके आणि ढिगारे होतात.

युटातल्या आर्चेस पार्कमध्ये २,००० पेक्षा जास्त कमानी एकाच भागात का, याचं उत्तर जमिनीखालच्या मिठात आहे. खाली साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीच्या मिठाचे जाड थर, वरच्या खडकाच्या ओझ्याने ते मीठ हळूहळू सरकलं, फुगलं, काही ठिकाणी विरघळलं, आणि वरचा वालुकाश्म वाकून समांतर भेगांनी फुटला. भेगा रुंद होऊन मधे खडकाच्या पातळ भिंती उरल्या, भिंतीच्या पायाशी ओल धरून राहते, दाण्यांना चिकटवणारा चुना विरघळतो, भोक पडतं, वरून तुकडे निखळतात आणि कमान होते. १९९१ साली तिथल्या लँडस्केप आर्चच्या पोटातून साधारण १८ मीटर लांबीची लादी पडली, म्हणजे काम अजून चालू आहे.

युटातल्याच ब्राइस कॅन्यनमध्ये भिंतींपासून पुढचा टप्पा दिसतो, हजारो उभे खांब. तिथे वर्षात जवळजवळ दोनशे दिवस पाणी गोठतं आणि वितळतं, गोठताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि भेग थोडी आणखी उघडते. खांबांची कंबर कुठे बारीक, कुठे जाड, कारण आडवे थर कमीजास्त टणक. म्हणजे उभ्या भेगांनी खांब पाडले आणि आडव्या थरांनी त्यांना कंबर दिली.

पायरी ५: कोरलं कोणी?

उंच डोंगरात पहिला प्रश्न बर्फ की पाणी. नदीने कापलेली दरी व्ही आकाराची आणि नागमोडी, एकमेकांत अडकणाऱ्या सोंडांची. हिमनदीने तासलेली दरी यू आकाराची, तळ रुंद, बाजू उभ्या आणि वाट बरीच सरळ, सोंडांची टोकं कापलेली. मोठ्या दरीच्या भिंतीत मधेच उंचावर छोटी दरी उघडते आणि तिथून धबधबा पडतो, हे दिसलं की बहुतेक बर्फाचंच काम समजा, कारण मोठी हिमनदी खोल तासते आणि बाजूची छोटी तेवढं तासू शकत नाही. योसेमिटीचा १८८ मीटरचा ब्रायडलव्हेल धबधबा असाच लटकत्या दरीतून पडतो. माथ्याजवळ खुर्चीसारखे खोलगट खळगे, दोन खळग्यांमधली धारदार कड आणि तीन-चार खळगे एकाच शिखराला चारी बाजूंनी खात आले की उरणारा आल्प्समधल्या मॅटरहॉर्नसारखा टोकदार सुळका, हा सगळा एकच परिवार.

पायाखालचा ढीगही बघा. लहानमोठे, टोकदार, माती-दगड सगळं एकत्र कालवलेलं असेल आणि काही दगडांवर समांतर ओरखडे असतील तर ते बर्फाने आणून टाकलंय. गोल गोटे आकारानुसार लागले असतील तर नदीचं काम. बारीक मातीचे पातळ, सरळ थर असतील तर तिथे तळं होतं, लडाखमधल्या लामायुरूजवळची पिवळसर मऊ जमीन अशाच आटलेल्या तळ्याचा गाळ आहे.

आता वाळवंट. इथे एक समज मुळातून काढून टाकावासा वाटतो, की वाळवंट वाऱ्याने कोरलेलं असतं. वाऱ्याने उडणारी वाळू बहुतेक जमिनीपासून मीटरभराच्या आतच उड्या मारत जाते, तिने पन्नास मीटर उंचीवरची कमान कशी कोरावी? वाळवंटातल्या बहुतेक दऱ्या, कडे आणि घळी पाण्यानेच कापल्यात. पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा धरून ठेवायला झाडं नाहीत, माती नाही, सगळं पाणी एकदम घळीत उतरतं आणि वाळू-दगड घेऊन धावतं. ओढा कोरडा दिसतो म्हणून त्याचं काम छोटं समजू नका.

त्याचा पुरावा डोंगराच्या पायथ्याला मिळतो. घळ जिथे मैदानात उघडते तिथे पाण्याचा वेग मरतो आणि गाळ पंख्याच्या आकारात पसरतो. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत दोन्ही बाजूंचे पंखे शेजारी ठेवून बघा, पश्चिमेकडचे पंखे रुंद आणि लांब, पूर्वेकडचे छोटे आणि तीव्र. दरीचा तळ पूर्वेकडच्या भ्रंशाच्या बाजूला कलत खचतोय, त्यामुळे तिकडचे पंखे वाढायच्या आत गाडले जातात. पंख्यांच्या पलीकडे सगळ्यात खोल जागी पाणी साठून आटतं आणि मीठ उरतं, तिथलं बॅडवॉटर समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. जवळच्या रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्यावर दगड मागे माग सोडत सरकतात, त्याचं कोडं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सोडवलं, उथळ पाण्यावर रात्री काही मिलिमीटर जाडीचा बर्फ धरतो, सकाळी तुटतो आणि हलक्या वाऱ्यानेही ते बर्फाचे तक्ते दगडांना ढकलत नेतात.

वाऱ्याचा खरा हक्क वाळूच्या टेकड्यांवर, आणि त्या वाळवंटाच्या थोड्याच भागात असतात, सहारातसुद्धा साधारण पाव भागच वाळूचा, बाकी दगड आणि खडीचं मैदान. टेकडी वाचायची रीत अशी: सौम्य बाजू वाऱ्याकडची, तीव्र बाजू वाऱ्याच्या पाठीची, आणि तीव्र बाजू जवळपास ३२ ते ३४ अंशांच्या वर जात नाही, त्यापुढे वाळू घसरते. चंद्रकोरीसारखी टेकडी म्हणजे वाळू कमी आणि वारा एकाच दिशेचा, तिची दोन्ही टोकं वारा जातो तिकडे. टोकं उलट दिशेला आणि त्यांवर झुडपं असतील तर झुडपांनी टोकं धरून ठेवली आणि मधला भाग पुढे गेला. लांबच लांब समांतर रांगा बहुतेक दोन दिशांनी आलटून पालटून येणाऱ्या वाऱ्याच्या, आणि चांदणीसारखी, अनेक कण्यांची टेकडी म्हणजे वारा बऱ्याच दिशांनी येतो, ती सरकत कमी आणि उंच जास्त होते.

पायरी ६: आता रंग बघा

एवढं झाल्यावर रंग उपयोगाचा होतो. लाल म्हणजे हवेशी भिडलेलं लोह, पिवळा-तपकिरी म्हणजे लोहाचंच पाणी धरलेलं रूप, हिरवट-करडा म्हणजे ऑक्सिजन कमी असताना राहिलेलं लोह. अगदी थोडं लोह अख्खा डोंगर रंगवायला पुरतं, म्हणून रंगावरून खडकाचं नाव सांगू नये. ग्रँड कॅन्यनची लाल रेडवॉल चुनखडी आतून करडी आहे, वरच्या लाल थरांचा रंग पावसाबरोबर खाली ओघळून तिच्यावर बसलाय. उलुरूसुद्धा आतून करडं, बाहेरचा लाल म्हणजे गंज. नवाहो वालुकाश्म एकच, पण काही ठिकाणी लाल आणि काही ठिकाणी पांढरा, कारण नंतर जमिनीखालून फिरलेल्या पाण्या-तेलाने लोह काढून नेलं.

वाळवंटातल्या भिंतींवरचा काळा-तपकिरी चकचकीत थर डेझर्ट व्हार्निशचा, मँगनीज आणि लोहाचा, मिलिमीटरचा छोटासा अंश जाड आणि जमायला हजारो वर्षं. एका कड्यावर काही भाग काळा आणि काही ताजा लाल दिसला तर ताज्या जागेवरून खडक अलीकडे पडलाय, म्हणजे खाली तंबू ठोकायची ती जागा नव्हे. डोंगरातल्या तळ्यांचा दुधाळ निळा रंग, कॅनडातल्या लेक लुईससारखा, हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे येतो, ते इतकं बारीक की तळाशी बसत नाही आणि प्रकाश विखुरतो.

प्रत्यक्ष जागेवर काम कसं करायचं

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरक्या उन्हात थर आणि भेगा सावल्यांनी उठून दिसतात, भर दुपारी सगळा कडा सपाट वाटतो. आधी लांबून एक साधं चित्र काढा, चित्र चांगलं यायची काही गरज नाही, त्यात फक्त कड्याच्या आणि उताराच्या रेषा, थरांचा कल, भेगांची दिशा आणि गाळाचे ढीग हवेत. मग जवळ जाऊन खडकाचा सुटा तुकडा बघा. फोटो काढताना मापासाठी माणूस किंवा काठी ठेवा, नाहीतर नंतर दहा मीटरचा कडा की शंभर मीटरचा हेच कळत नाही.

अरुंद घळीत शिरायच्या आधी डोक्यावरचं आकाश न बघता पाणी जिथून येतं त्या सगळ्या भागाचा हवामानाचा अंदाज बघा. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ पर्यटक लोंढ्यात वाहून गेले, पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला. घळीच्या भिंतीत उंचावर अडकलेली लाकडं आणि काटक्या दिसल्या तर पाणी तिथपर्यंत येतं हे समजा. उंच डोंगरात घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगडांच्या उताराच्या, डोक्यावरचे कडे ऊन लागल्यावर दगड सोडतात, ती वाट सकाळीच पार करा. वाळवंटातल्या जमिनीवरची काळपट खरखरीत साय जिवंत असते, शेवाळ, बुरशी आणि सूक्ष्मजीवांनी माती बांधलेली, एका पावलाने मोडली तर भरायला वर्षानुवर्षं जातात, म्हणून दगडावरून किंवा आखलेल्या वाटेवरूनच चाला. आणि व्हार्निशवर काहीही कोरू नका.

शेवटी मुक्कामी परत आल्यावर वहीत तीन-चार वाक्यांत त्या जागेची गोष्ट क्रमाने लिहा, आधी काय साठलं किंवा गोठलं, मग कोणी वाकवलं किंवा उचललं, मग कोणी कापलं, आणि प्रत्येक वाक्यापुढे पुरावा काय दिसला ते. त्यानंतरच तो डाउनलोड केलेला भूशास्त्रीय नकाशा उघडा. जिथे तुमची गोष्ट आणि नकाशा जुळत नाहीत त्या जागेवर खूण करून ठेवा, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तिथेच जा.